आंट म्हणजे नेमकी कोण?

वहिनी गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. मी तिथेच होते, त्यांच्या खाटेशेजारी, सकाळी साडेआठला. त्यामुळे इतरांना कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात असली कामं माझ्याकडेच येतात. मला ती जमतात. नवरा हॉस्पिटलच्या कागदपत्रांमागे खाली गेला होता. मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून पहिला मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, कारण त्या दिवशी मुलाखती ठेवल्या होत्या आणि मी जाणार नव्हते. आमचा ग्रुप इंग्रजीत चालतो. ‘माय सिस्टर-इन-लॉ पास्ड अवे धिस मॉर्निंग,’ असं लिहिलं, एकदा वाचून पाहिलं, पाठवलं. वीस मिनिटांत कल्याणहून माझ्या नणंदेचा, सुधाताईंचा फोन. “अगं विद्या, हे काय चाललंय? तुमच्या ऑफिसातल्या त्या नाईकबाईंनी ह्यांना फोन केला. म्हणे, सुधाताई गेल्या, ऐकून फार वाईट वाटलं, कधी नेणार? हे फोन तसाच हातात धरून मला बघायला स्वयंपाकघरात आले गं! मी पोळ्या लाटत होते!” दर दिवाळीला सुधाताई फराळाच्या ऑर्डरी घेऊन आमच्या ऑफिसात येतात. माझी सिस्टर-इन-लॉ म्हणजे त्याच, एवढंच तिथे सगळ्यांना ठाऊक. सुधाताई हसत होत्या. हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, “मग... गेलं कोण?”

मला सांगावं लागलं.

वहिनी म्हणजे शैलजा, माझी थोरली जाऊ. नात्याने पाहिलं तर त्या माझ्या वहिनी नव्हेत. मोहन, माझा नवरा, आपल्या थोरल्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणायचा, म्हणून लग्न होऊन आल्यावर मीही म्हणू लागले आणि सव्वीस वर्षं तेच चालू राहिलं. मी ठाण्यातल्या कोपरीची. वडील सरकारी नोकरीत, घरात इंग्रजी पेपर यायचा, तो मोठ्याने वाचायला लावायचे आणि उच्चार चुकला की पुन्हा वाचायला लावायचे. वहिनी गुहागरकडच्या, दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांच्या शाळेत इंग्रजीचे सर वर्षातून दोन-तीन महिनेच असायचे, कारण त्यांची सारखी बदली व्हायची आणि दुसरे यायला वेळ लागायचा. “आमचं इंग्रजी तुकड्या-तुकड्यांत झालं,” असं त्या सांगायच्या. “मधले तुकडे कुणाकडे राहिले कोण जाणे.” डोंबिवलीला मानपाड्याकडे आमची एकाच मजल्यावर समोरासमोर दारं. दिवसभर दोन्ही उघडी. ओंकार, माझा मुलगा, तीन महिन्यांचा असताना मी नोकरीवर परत गेले आणि तेव्हापासून तो समोरच्या घरात वाढला. वहिनींना मूल नव्हतं. ह्यावर आमच्या घरात कुणी कधी चर्चा केली नाही, मीही इथे करणार नाही. ओंकार त्यांना मोठीआई म्हणायचा.

मी ठाण्याला नौपाड्यात एका खासगी कंपनीत कर्मचारी विभाग सांभाळते. संध्याकाळी घरी आले की वहिनी चहा टाकायच्या, मी भाजी निवडायला घ्यायची, आणि मग ते वाक्य यायचं : “विद्या, एक विचारू? इंग्रजीतलं आहे.” दिवसभरात टीव्हीवर, औषधाच्या खोक्यावर, सोसायटीच्या नोटिशीत जे काही डोळ्यांपुढून गेलं असेल ते त्या डोक्यात धरून ठेवायच्या. वहीत लिहायच्या नाहीत. “वहीत लिहिलं की वही शिकते,” म्हणायच्या. मदर टंगमध्ये जीभ कुठून आली? फॅमिली पॅक म्हणतात ते किती माणसांचं कुटुंब धरून? स्टेप मदर म्हणजे पायरीवरची आई का? मी नीट, बरोबर उत्तर द्यायची. त्या नीट ऐकायच्या आणि मग त्या बरोबर उत्तरातच काहीतरी खुपणारं शोधून काढायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यातला प्रसंग मला अजून लख्ख आठवतो.

“तू माझी कोण, इंग्रजीत?”

“सिस्टर-इन-लॉ.”

“आणि सुधाताई?”

“त्याही सिस्टर-इन-लॉ.”

“बरं. ह्यांची मेव्हणी, म्हणजे माझी धाकटी बहीण, ती ह्यांची कोण?”

“सिस्टर-इन-लॉ.”

वहिनींनी पोळी तव्यावरून उतरवली. “मग त्या लोकांना कळतं कसं, कोण कुणाशी भांडतंय?”

मी नवी नवरी होते, मोठ्याने हसायची सोय नव्हती. ओट्याकडे तोंड करून हसले.

ह्या बाबतीत मी कडक होते, हे कबूल करते. चुकीचं इंग्रजी मला ऐकवत नाही. आमच्या ऑफिसात एक मंगळूरच्या बाई होत्या, त्या जावेला को-सिस्टर म्हणायच्या. मी घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं की असा शब्द इंग्रजीत नाही, हा आपल्याकडे बनवलेला आहे. वहिनींना तो इतका आवडला की विचारू नका. “को-सिस्टर! को-ऑपरेटिव्ह सोसायटीसारखं. एकत्र राहायचं, मेंटेनन्स भरायचा, आणि वर्षातून एकदा मीटिंगला भांडायचं.” त्यानंतर कुणाशीही ओळख करून देताना “ही माझी को-सिस्टर” असंच. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायची. त्या प्रत्येक वेळी “हो गं, चुकलंच,” म्हणायच्या आणि पुढच्या वेळी तेच.

ग्रँडमदरची गोष्ट तर सबंध बिल्डिंगला माहीत होती. ओंकार चारेक वर्षांचा असताना तळमजल्यावर एक बंगाली कुटुंब राहायला आलं. त्या बाईंनी वहिनींना जिन्यात विचारलं, हा तुमचा मुलगा का? वहिनींनी छाती पुढे काढून सांगितलं, “नो नो, आय अॅम हिज ग्रँडमदर.” तेव्हा त्या जेमतेम चव्वेचाळीस वर्षांच्या असतील. त्या बाई दोन दिवस सगळ्यांना विचारत होत्या की ह्यांच्यात मुलींची लग्नं कितव्या वर्षी करतात. मी कपाळाला हात लावला. “वहिनी, ग्रँडमदर म्हणजे आजी!” “कशी काय? ग्रँड म्हणजे मोठं ना? ग्रँड सेल लागतो, तो मोठाच असतो. मोठी आई, ग्रँड मदर. तुझ्याच इंग्रजीने सांगितलं मी.” त्यांच्या तर्कात कधीच चूक नसायची. चूक भाषेत असायची, आणि त्याला मी काय करणार?

ओंकार दुसरीत असताना त्याच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. ‘माय फॅमिली’ या निबंधात त्याने लिहिलं होतं, आय हॅव टू मदर्स, वन इज बिग अँड वन गोज टू ऑफिस. बाईंच्या चेहऱ्यावर काळजी होती, त्यांना घरात काहीतरी भलतंच वाटलं असावं. मी समजावून सांगितलं, घरी आले, आणि ओंकारला बसवून वाक्य बदलायला लावलं. वन मदर अँड वन आंट. तो लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, “मग मोठीआई कुठे गेली?” मी म्हटलं, ही काय, आंट म्हणजे तीच. त्याने समोरच्या दारातून स्वयंपाकघरात पाहिलं. वहिनी कुकर लावत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी त्या निबंधाबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि इंग्रजीतलं काहीही त्या सोडत नसत, हे आज लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

एकदा मी ऑफिसातले जुने अर्ज निवडायला घरी आणले होते. त्यात कुणा कारकुनाने पत्नीच्या बाळंतपणासाठी रजा मागताना माय वाइफ इज इन द फॅमिली वे असं लिहिलं होतं. वहिनींनी अक्षर लावून वाचलं. “फॅमिली वे म्हणजे?” मी म्हटलं, दिवस गेलेत असं म्हणायची जुनी पद्धत. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. “म्हणजे कुटुंबाचा रस्ता... बरोबर आहे. मी आपली बाजूच्या गल्लीतून आले.” आणि उठून ओंकारला हाका मारायला गॅलरीत गेल्या, खेळायची वेळ संपली म्हणून.

मोठे भाऊजी म्हणजे वहिनींचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. ओंकार शिकायला कॅनडात गेला त्याला तीन वर्षं होतील. जाताना त्याने वहिनींना फोन घेऊन दिला, व्हिडिओ कॉल शिकवला. रोज संध्याकाळी सहाला, म्हणजे त्याच्या सकाळी, तो आवरता आवरता त्यांना फोन लावायचा. मला नाही, त्यांना. मी तेव्हा ऑफिसातून यायच्या वाटेवर असायची, त्यामुळे त्यात काही वाईट वाटून घेण्यासारखं नव्हतं. मी दार उघडून आत आले की दोघांचं चाललेलं असायचं. “अरे, तुझ्या बॉसला मुलं किती?” “मोठीआई, इथे असं विचारत नाहीत.” “मग बोलतात काय रे दिवसभर? हवामान?”

ह्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाल्ला, मग आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्या. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मी त्यांना ठाण्याला आणलं, माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात. यकृत. त्यांच्या पोटात काय वाढत होतं ते फार पुढे गेलेलं होतं. पहिल्या दिवशी वॉर्डात वहिनींनी माझी ओळख करून दिली, “शी माय को-सिस्टर.” तिथल्या मावशींनी सिस्टर एवढंच ऐकलं आणि मला विचारलं, “कुठल्या वॉर्डला ड्युटी आहे तुमची?” वहिनी इतक्या हसल्या की सलाइनची नळी हलली. मी त्याही वेळी म्हटलं, “सिस्टर-इन-लॉ म्हणा हो.” पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी डॉक्टरांनी मोहनला आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आठवडा म्हणतोय, पण सांगता येत नाही. ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या.

बोलवायचा होता तो एकच.

ओंकारला नोकरी लागून चार महिने झाले होते. त्याच्या नावावर रजा साठलेली नव्हती. घरच्या माणसाचं गंभीर आजारपण असेल तर लगेच मिळते, अशी एक वेगळी रजा त्यांच्याकडे असते. तेवढाच रस्ता होता. त्याने संगणकावर अर्ज उघडला आणि मला फोन लावला. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी होते.

“आई, इथे विचारलंय, रिलेशनशिप टू द पेशंट. यादी दिलीये. स्पाउस, पेरंट, चाइल्ड, सिब्लिंग, ग्रँडपेरंट, अदर. काय टाकू?”

“अदर. आणि पुढे आंट लिही.”

“अदरला मिळत नाही गं. मी विचारलं एकाला. पेरंट टाकू? मदर?”

“तुझी मदर तुझ्याशी फोनवर बोलतेय.”

“मग ग्रँडपेरंट? मोठीआई स्वतःच म्हणायची ना ग्रँडमदर...”

“ओंकार, पोरखेळ नको. उद्या कागद मागितले तर? केसपेपरवर शैलजा, वय चौसष्ट. तुझ्या पासपोर्टवर आईचं नाव विद्या. नवी नोकरी आहे. असल्या खोट्यावर माणसं घरी बसलेली मी पाहिलीयेत. खरं ते लिही, आणि खाली सविस्तर लिही की तिने तुला लहानाचं मोठं केलंय. माणसंच आहेत ती, समजून घेतील.”

त्याने खरं ते लिहिलं. सविस्तर लिहिलं. मला पाठवलं, मी दोन ठिकाणी दुरुस्ती केली. चांगला अर्ज होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुझ्या आंटबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्या नियमानुसार ही रजा इमिजिएट फॅमिलीपुरती आहे. येत्या सोमवारपासून बिनपगारी रजा देता येईल. हे मोठं काम संपत आलंय, तोपर्यंत तुझी गरज आहे. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण ते मला ओळखीचं होतं. ह्याच वाक्यांची पत्रं मी आमच्या ऑफिसात वीस वर्षं लिहीत आलेय. इमिजिएट फॅमिली म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं, आई-वडील, सासू-सासरे, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. मागच्याच वर्षी आमच्या स्टोअरमधल्या एका जुन्या माणसाने चुलतीच्या आजारपणासाठी अर्ज केला होता. मी विचारलं होतं, सख्खी आई का? तो म्हणाला होता, आईच म्हणायची मॅडम. मी म्हटलं होतं, म्हणायची वेगळी आणि असायची वेगळी, आणि त्याची किरकोळ रजा कापली होती. त्या वेळी मी चुकले असं मला वाटलं नव्हतं. त्या पत्रासाठी रागावायचं तरी कुणावर?

त्या दुपारी वहिनी शुद्धीत होत्या. आवाज खोल गेला होता, पण बोलणं स्पष्ट होतं.

“ओंकार कधी येतोय?”

“येत्या सोमवारनंतर. त्याआधी रजा मिळत नाहीये.”

“का?”

“त्यांच्या नियमात आंट बसत नाही.”

“आंट म्हणजे नेमकी कोण?”

“काकू.”

“काकूच फक्त?”

“नाही... मावशी, आत्या, मामी. सगळ्या आंटच.”

त्यांनी चादरीवर अंगठ्याने बोटं मोजली. मी बघत होते. “चार झाल्या. कुणाला दोन मावश्या असतील, कुणाला तीन आत्या. एवढ्या सगळ्यांसाठी सोडायला लागले तर कारखाना चालेल कसा? त्यांचं बरोबर आहे.” मग डोळे मिटून पडल्या. मला वाटलं झोपल्या. तेवढ्यात म्हणाल्या, “आंट लिहायला तू सांगितलंस?”

“हो.”

“ते इंग्रजी बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे, वहिनी.”

“मग झालं.”

ह्या दोन शब्दांत काय होतं, मला आजही सांगता येत नाही. समजूत होती, थट्टा होती, की नुसतं दमणं होतं... विचारायची हिंमत मला झाली नाही. सव्वीस वर्षं प्रश्न त्या विचारत आल्या होत्या, मला विचारायची सवयच नव्हती. पुढचे दोन दिवस मी जे जमेल ते केलं. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घेतलं, शिक्का मारून घेतला, ओंकारला पाठवलं. त्याने ते वर पाठवलं. वरून सहानुभूती आली. मोहन म्हणाला, नोकरी सोडून ये म्हणावं. ओंकार तयार होता. मीच म्हटलं, सोमवारपर्यंत थांबू, डॉक्टर आठवडा म्हणाले आहेत. शनिवारी सकाळी साडेआठला वहिनी गेल्या.

त्या आधी शुक्रवारी संध्याकाळी सहाला ओंकारचा फोन आला तेव्हा मी तो त्यांच्या तोंडासमोर धरला. त्यांना दिसत होतं की नाही माहीत नाही. तो तिकडून मोठीआई, मोठीआई म्हणत होता. त्यांनी ओठ हलवले. मी वाकून ऐकलं. “जेवलास का?” म्हणत होत्या. मी ते मोठ्याने त्याला सांगितलं, दुभाष्यासारखं. तो म्हणाला, “हो.” त्याच्याकडे सकाळचे साडेआठ वाजले होते. जेवायची वेळ नव्हती. पण हो म्हणाला.

मोहनने अग्नी दिला. ओंकार सुधाताईंच्या मुलीच्या हातातल्या फोनवर होता. तिथे नेटवर्क नीट नव्हतं, त्याचा चेहरा मध्येच गोठायचा आणि मग एकदम हलायचा. घरी आल्यावर मी आंघोळ केली, चहा केला, माणसं येत होती त्यांना बसायला जागा केली. माझ्या ऑफिसातून निरोप आला की वाटतील तितके दिवस रजा घ्या. मला हसू आलं. जाऊसुद्धा नियमात बसत नाही. मी माझी शिल्लक रजा टाकली आणि तसा अर्ज केला, माझा मीच मंजुरीला पाठवला.

चौथ्या दिवशी ओंकारने माझ्या फोनवर फोन केला. रडत नव्हता. ते बरं होतं की वाईट, कळेना. म्हणाला, “एक विचारू? मी मदर लिहिलं असतं तर तुझं काय कमी झालं असतं?”

मी सांगायला लागले, कागदपत्रं, पासपोर्ट, नवी नोकरी. त्याने मध्येच तोडलं. “ते सगळं माहितीये गं. ते खरंच आहे. मी ते विचारत नाहीये.”

त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून मी स्वतःला तेच विचारतेय. मी नियमाला धरून बोलले, ह्यात शंका नाही. पण जिन्यात उभी असताना ‘तुझी मदर फोनवर बोलतेय’ हे वाक्य माझ्या तोंडून जितक्या पटकन आलं, तितक्या पटकन पासपोर्ट आठवला नव्हता. पासपोर्ट नंतर आला. दुसरीतल्या निबंधाच्या वेळी तर पासपोर्टचा संबंधच नव्हता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, मोहनलाही नाही. इथे लिहितेय, कारण स्मृतिलेखात गेलेल्या माणसाचे गुण लिहायचे असतात, आणि वहिनींचा सगळ्यात मोठा गुण हा की त्यांनी मला ह्याचा जाब कधी विचारला नाही. विचारला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि एकदाचं संपलं असतं.

ओंकार ठरल्या सोमवारी निघाला नाही. “आता कशासाठी?” म्हणाला. बारावं-तेरावं त्याच्याशिवाय झालं. कामावर परत गेल्यावर मी एक गोष्ट केली. रजेच्या नियमांत एक ओळ वाढवावी असं टिपण लिहून साहेबांकडे दिलं : कर्मचाऱ्याला ज्या व्यक्तीने वाढवलं असेल ती व्यक्तीही कुटुंबात धरावी. साहेब भले गृहस्थ आहेत. दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, “विद्याताई, मान्य आहे. पण पुरावा काय घ्यायचा?” मी टिपण परत घेतलं. प्रश्न रास्त होता. वाढवल्याचा दाखला कुठलीच कचेरी देत नाही, आणि ज्या बाईने रोज डबा भरला, ताप आल्यावर रात्री पट्ट्या ठेवल्या, तिच्या हातात शेवटी दाखवायला काहीच नसतं. त्या स्टोअरमधल्या माणसाला बोलावून मी सांगितलं, मागच्या वर्षी मी तुमची किरकोळ रजा कापली होती. त्याला आठवतही नव्हतं. “कापली होती का? मग असंल मॅडम,” म्हणाला आणि गेला.

समोरचं दार आता बंद असतं. किल्ली माझ्याकडे आहे. संध्याकाळी मी जाऊन दिवा लावते, खिडकी थोडी उघडते. वहिनींचा फोन मी बंद केलेला नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर असतो. बंद करायला हवा, कार्ड परत करायला हवं, मी यादीत लिहिलेलं आहे. परवा मी खिडकी उघडत असताना तो वाजला. सहा वाजले होते. पडद्यावर ओंकारचा बाळपणीचा फोटो. मी उचलला. तो टूथब्रश हातात घेऊन उभा होता.

“सवयीने लागला,” म्हणाला.

“असू दे. बोल.”

मागे नळ चालू होता, तो त्याने बंद केला.

“आई, इथे ऑफिसात सगळे विचारतात, आर यू ओके. मी सांगतो, माय आंट. ते म्हणतात, ओह. आणि पुढे जातात. त्यांची चूक नाही... पण मला काय झालंय, त्याला इंग्रजीत शब्द सापडत नाहीये. मराठीत एक आहे. पण तो वापरता येईल की नाही माहीत नाही, म्हणून तुला विचारतोय.”

“कुठला?”

“पोरका.” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. “आई जिवंत असताना पोरका झालो असं म्हणतात का गं? व्याकरणाने चालतं?”

चालत नाही. आई-बाप नसलेल्या मुलाला पोरकं म्हणतात. ह्याची आई समोर उभी आहे, बाप पलीकडच्या घरात बातम्या बघतोय. मराठीत ह्याबद्दल शंकेला जागा नाही.

“चालतं,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. मी सांगतेय ना.”

तो मान हलवून “बरं” म्हणाला आणि तोंड धुवायला वळला. फोन त्याने बंद केला नाही, कुठेतरी टेकवून ठेवला. मला त्याच्या न्हाणीघराचं छत दिसत होतं आणि पाण्याचा आवाज येत होता. रोज असंच चालत असणार त्या दोघांचं. बॅटरी अकरा टक्के दाखवत होती. मी वहिनींच्या पलंगावर टेकले, चार्जर शोधला, आणि फोन चालू ठेवूनच पिन लावली.